रेसिपी तीच, स्पिनरेट तोच, मग पावसाळ्यात फायबर वेगळा का निघतो?

रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान युनिटच्या प्रोसेस इंजिनिअरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ते पाणी गाळण्याचे पोकळ यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणीचे) फायबर बनवतात. पॉलिमर पॉलिइथरसल्फोन, जोडीला पीव्हीपी (पाण्यात विरघळणारं पॉलिमर), सॉल्व्हंट एनएमपी. पाणी बाहेरून आत गाळलं जातं, म्हणजे गाळणारी कातडी फायबरच्या बाहेरच्या अंगाला आहे. जानेवारीतल्या ट्रायल उत्तम निघाल्या. मे महिन्यात दाब दिल्यावर काही फायबर चपटे व्हायला लागले. जुलैत फ्लक्स (पाणी गाळून निघण्याचा वेग) वाढला पण रिजेक्शन (अडवलेल्या कणांचं प्रमाण) घसरलं, आणि तरीही मॉड्यूल (फायबरच्या जुडग्याचे गाळप-संच) एअर टेस्टमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाच्या गळती-चाचणीत, पास होतायत. रेसिपी बदललेली नाही, स्पिनरेट (ज्याच्या छिद्रातून फायबर बाहेर पडतो तो साचा) तोच आहे. "डोपमध्ये, म्हणजे ज्यातून फायबर काढतो त्या द्रावणात, पॉलिमर दोन टक्के वाढवू का?"

माझं उत्तर: आत्ता नको. मे महिन्याची तक्रार आणि जुलैची तक्रार या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणं वेगळ्या जागी आहेत. पॉलिमर वाढवलंत तर दोन्ही थोड्या झाकल्या जातील, फ्लक्स पडेल, आणि पुढच्या जानेवारीत तिसरीच अडचण उभी राहील. कुठे काय बिघडलं हे फायबरच्या आडव्या कापात दिसतं. रेसिपीला हात लावण्याआधी काप बघा, एवढंच माझं सांगणं आहे. पुढचं सगळं तो काप वाचायचा कसा याबद्दल.

डोप म्हणजे एनएमपीत विरघळलेलं पॉलिमर. त्यात पाणी शिरलं आणि एनएमपी बाहेर गेलं की पॉलिमर द्रावणात राहू शकत नाही. एक भाग पॉलिमरने दाट होतो, त्यातून भिंती बनतात. दुसरा विरळ राहतो, त्याची छिद्रं होतात. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या शाखेत लोब आणि सौरिराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची असममित पटलं याच मार्गाने केली. वर पातळ दाट कातडी आणि खाली सच्छिद्र आधार, ही रचना तिथून आली. 1970 च्या दशकात स्ट्राथमान यांच्या कामातून दुसरी गोष्ट स्पष्ट झाली: पॉलिमर झपाट्याने साकळलं तर कातडीखाली बोटांसारख्या लांब पोकळ्या होतात, सावकाश साकळलं तर स्पंज होतो. आज आपण लाइनवर जे काही फिरवतो, ते शेवटी याच वेगाला हात घालतं.

सपाट पटलापेक्षा पोकळ फायबर अवघड, कारण इथे साकळण्याची क्रिया दोन बाजूंनी आणि वेगवेगळ्या वेळी सुरू होते. आतली बाजू स्पिनरेटच्या सुईच्या टोकाशीच बोअर फ्लुइडला, म्हणजे सुईतून पोकळीत सोडलेल्या द्रवाला, भेटते. बाहेरची बाजू मात्र एअर गॅप (स्पिनरेट आणि पाणी यांच्यामधलं हवेतलं अंतर) पार करून बाथमध्ये, म्हणजे खालच्या पाण्याच्या टाकीत, शिरेपर्यंत थांबते. गॅप 10 सेंटिमीटर आणि टेक-अप (फायबर ओढून घेण्याचा वेग) मिनिटाला 10 मीटर असेल तर हा वेळ साधारण 0.6 सेकंद. तेवढ्यात आतली साकळण्याची आघाडी बरीच पुढे सरकलेली असते. दोन आघाड्या भिंतीत कुठे भेटल्या, ते कापावर लिहिलेलं असतं.

काप घेण्याची पद्धत नीट पाळा. ओला फायबर ब्लेडने कापलात तर भिंत दाबली जाते आणि बोटं मिटल्यासारखी दिसतात. फायबरचे तुकडे आधी इथेनॉलमध्ये ठेवा, मग चिमट्याने धरून लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवा. बुडबुडे थांबले की नायट्रोजनमध्येच दोन चिमट्यांनी वाकवा. काच मोडावी तसा कट्कन आवाज येऊन तुकडा तुटला पाहिजे. आवाज न येता वाकला तर तो पुरता गोठलेला नव्हता. तो टाकून द्या. तुटलेलं तोंड साध्या मायक्रोस्कोपखाली वरून उजेड देऊन बघितलंत तरी थर कळतात: आतल्या कडेपासून निघालेली बोटं किती खोल गेली, मधला स्पंज किती जाड, बाहेरच्या कडेची बोटं कुठून सुरू होतात. कातडीतली छिद्रं मात्र यात दिसणार नाहीत, ती नॅनोमीटरमध्ये असतात. त्यासाठी एसईएमच (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लागेल. पवईच्या आयआयटीतल्या सैफमध्ये (तपासणी उपकरणांच्या सामायिक केंद्रात) बाहेरच्यांचे नमुनेही घेतात. जानेवारी, मे आणि जुलैचा एकेक नमुना एकाच वेळी द्या, म्हणजे तुलना खरी होईल.

आता मे महिना. माझा अंदाज असा की मेच्या कापात दोन्ही बाजूंची बोटं लांब झालेली असतील, मधला स्पंज बारीक उरला असेल, आणि काही ठिकाणी अश्रूच्या आकाराच्या मोठ्या पोकळ्या भिंतीचा अर्धा भाग खात असतील. बाहेरून दाब येणाऱ्या फायबरला उभं ठेवतो तो मधला स्पंज. तो बारीक झाला की फायबर चपटा होणारच.

कारण बहुधा पाण्याच्या तापमानात आहे. आपल्याकडे बाथ भरायला एमआयडीसीचं पाणी आरओ करून वापरतात, आणि ते आधी गच्चीवरच्या किंवा पत्र्याखालच्या टाकीत दिवसभर तापलेलं असतं. जानेवारीत सकाळी 24-25 अंशांचा बाथ मे महिन्यात दुपारी 34-35 वर गेलेला मी पाहिला आहे, आणि तरी लॉगबुकात बाथ टेम्परेचरच्या रकान्यात 'अ‍ॅम्बियंट' एवढंच लिहिलेलं असतं. गरम बाथमध्ये पाण्याची आणि एनएमपीची देवाणघेवाण वेगाने होते. त्यातच डोपही गरम झाला तर त्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) उतरते, आणि पातळ डोपमध्ये बोट वाढायला अडथळा कमी. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. उपायही तसाच सरळ आहे: चिलर लावा, बाथ 25 अंशांवर एका अंशाच्या आत धरा, डोपची टाकी आणि स्पिनरेटपर्यंतची लाइन जॅकेट करा. लहान युनिटला चिलरचा खर्च जड वाटतो हे मला माहीत आहे. पण जास्तीच्या दोन टक्के पॉलिमरचा खर्च रोजचा असतो, चिलरचा मोठा खर्च एकदाच.

जुलैचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि मला त्यात जास्त रस आहे, कारण इथे बहुतेकांची नजर चुकीच्या जागी जाते.

एअर गॅपमध्ये फायबरला हवेतली वाफ लागते. एनएमपी 202 अंशांना उकळतं, त्यामुळे अर्ध्यापाऊण सेकंदात ते उडून कातडी बनेल असं समजू नका. तो प्रकार डोपमध्ये अ‍ॅसिटोन किंवा टीएचएफसारखं लवकर उडणारं सॉल्व्हंट असेल तेव्हाचा. तुमच्या डोपमध्ये उलट घडतं: एनएमपी हवेतलं पाणी ओढून घेतं. बाहेरचा पातळ थर बाथमध्ये शिरण्याआधीच, तेही सावकाश, विलग व्हायला लागतो. सावकाश विलग झालेल्या थरातले थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणजे छिद्रं मोठी होतात. मग बाथमध्ये गेल्यावर घट्ट कातडी बनायला ताजा पृष्ठभाग उरतच नाही. फ्लक्स वाढला आणि रिजेक्शन घसरलं, ही तुमची दोन्ही लक्षणं याला जुळतात. कापावर याची खूण म्हणजे बाहेरच्या कडेला लगेच बोटं न दिसता आधी एक पेशींसारखा स्पंजी पट्टा दिसतो, आणि बोटं त्याच्या आत सुरू होतात किंवा बाहेरच्या बाजूला नसतातच.

तुम्ही म्हणाल, हायग्रोमीटर लावला आहे. पण तो सापेक्ष आर्द्रता दाखवतो, आणि फायबरला मतलब आहे हवेत प्रत्यक्ष किती पाणी आहे याच्याशी. हिशोब करून बघा. 20 अंशांना 50 टक्के आर्द्रता म्हणजे घनमीटर हवेत साधारण 8.7 ग्रॅम पाणी. 30 अंशांना 85 टक्के म्हणजे जवळपास 26 ग्रॅम, तिप्पट. आणि मे महिन्यात 33 अंशांना मीटर 65 टक्के दाखवतो तेव्हा हवेत 23 ग्रॅम पाणी असतं. म्हणजे आकडा जुलैपेक्षा कितीतरी कमी दिसला तरी फायबरच्या दृष्टीने मे महिना जवळजवळ पावसाळाच आहे. म्हणून लॉगबुकात दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसू लागते ते तापमान, लिहायला सुरुवात करा. त्यावरून दोन दिवसांची तुलना होते. नुसत्या टक्क्यांवरून होत नाही.

याहून जवळचा एक स्रोत आहे, तो म्हणजे बाथ स्वतः. पाण्याच्या पृष्ठभागाला लागून असलेली हवा त्या तापमानाला जवळपास संपृक्तच असते. गॅप पाच-सहा सेंटिमीटरचा असेल तर फायबर त्या प्रवासातला मोठा भाग खोलीच्या हवेतून करतच नाही, बाथच्या वाफेतून करतो. बाथ 25 वर आणलात की एअर गॅपही आपोआप कोरडा होतो. मे महिन्यासाठी सुचवलेला चिलर जुलैतही कामाला येतो तो असा. त्याखेरीज गॅपभोवती काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची नळी बसवा आणि तिच्यात वरून कोरडी हवा किंवा नायट्रोजन अगदी मंद सोडा. जोरात सोडलीत तर फायबर हलेल आणि भिंत एका बाजूला जाड होईल. स्पिनिंगच्या टॉवरजवळचा पंखा तर आजच बंद करा. ऑपरेटरला उकडतं हे खरं, त्याची सोय दुसरीकडून करा.

आता जुलैचा दुसरा रस्ता, जो मला पहिल्याइतकाच संशयास्पद वाटतो. पाणी एअर गॅपच्या आधीच डोपमध्ये शिरलेलं असू शकतं. पीव्हीपी हवेतलं पाणी भराभर खातं. पोतं उघडून अर्धं वापरलं आणि तोंड दोरीने बांधून ठेवलं, तर जुलैत पुढच्या बॅचला तुम्ही तोललेल्या पीव्हीपीत भरपूर पाणी असतं. वजन बरोबर दिसतं, पीव्हीपी कमी पडतं आणि पाणी जास्त. एनएमपीचा ड्रम उघडा राहिला तर तेच. पॉलिइथरसल्फोनचा डोप पॉलिसल्फोनच्या डोपपेक्षा पाणी जास्त सोसतो, त्यामुळे तो लगेच गढूळ होत नाही आणि कोणाला शंका येत नाही. पण तो ढगाळ होण्याच्या सीमेच्या जवळ सरकलेला असतो, आणि बाथमध्ये पडल्यावर वेगळा वागतो. कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण मोजण्याची रासायनिक चाचणी) करून एनएमपीतलं आणि पीव्हीपीतलं पाणी मोजा. रेझिन ओव्हनमध्ये, पीव्हीपी कमी तापमानाला व्हॅक्यूममध्ये सुकवा, आणि डोपच्या टाकीवर नायट्रोजन ठेवा.

दोन रस्त्यांतला कोणता, हे वेगळं काढायची सोपी चाचणी आहे. सुकवलेल्या मालाचा एक डोप बनवा आणि त्याच दिवशी, त्याच हवेत, आधी नेहमीच्या गॅपने आणि मग गॅप जवळजवळ शून्य करून, स्पिनरेटचं तोंड पाण्याच्या अगदी वर आणून, काही मीटर फायबर काढा. शून्य गॅपचा फायबर जानेवारीसारखी बाहेरची कड दाखवतो आणि लांब गॅपचा दाखवत नाही, तर दोष हवेचा. डोप सुकवल्यावर लांब गॅपचाही सुधारला, तर दोष मालाचा. दोन्ही थोडे थोडे सुधारले तर दोन्हीकडे काम आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुलैत मला तेच अपेक्षित आहे.

ही तुलना करताना एक गोष्ट सांभाळा: नमुने दिवसाच्या एकाच वेळी घ्या. बाथमध्ये एनएमपी साठत जातं. समजा बाहेरचा व्यास 1.2 मिलिमीटर, आतला 0.7, वेग मिनिटाला 10 मीटर. एका छिद्राला डोप मिनिटाला साधारण 7.5 मिलिलिटर लागतो आणि बोअर फ्लुइड 3.9 मिलिलिटर. डोपचा तीन चतुर्थांश भाग एनएमपी धरला आणि स्पिनरेटला आठ छिद्रं असतील, तर मिनिटाला 45 मिलिलिटर एनएमपी पाण्यात उतरतं, आठ तासांच्या पाळीत 21-22 लिटर. 500 लिटरच्या बाथला ओव्हरफ्लो नसेल तर संध्याकाळी त्यात चार टक्क्यांहून जास्त एनएमपी झालेलं असतं. एनएमपी असलेल्या बाथमध्ये देवाणघेवाण मंदावते आणि बाहेरची कातडी सैल होते. सकाळचा आणि संध्याकाळचा फायबर एकच समजून मॉड्यूलमध्ये मिसळला तर रिजेक्शनचा आकडा कशाचा म्हणायचा? हाताने वापरायचा रिफ्रॅक्टोमीटर (द्रावणात प्रकाश किती वळतो ते मोजणारं साधन) स्वस्त मिळतो. एनएमपीची पाच-सहा ज्ञात द्रावणं करून त्याचा तक्ता बनवा आणि दर तासाला वाचन घ्या. मग ओव्हरफ्लो किती ठेवायचा ते तक्ताच सांगेल. हे पाणी एफ्लुएंटमध्ये जातं, त्यामुळे ईटीपीवाल्यालाही (सांडपाणी शुद्धीकरण सांभाळणाऱ्याला) आधी विचारा. आणि हातमोजे, एक्झॉस्ट याबाबत हयगय नको; एनएमपी गर्भाला घातक ठरू शकतं म्हणून युरोपात 2020 पासून त्याच्या वापरावर बंधनं आहेत.

बोअर फ्लुइडबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून धरतो की साधं पाणी वापरता. मग आतल्या बाजूलाही एक घट्ट कातडी बनत असणार. तुम्हाला तिची गरज नाही. बाहेरून गाळलेलं पाणी तिच्यातून पुन्हा ढकलावं लागतं, एवढंच. बोअर फ्लुइडमध्ये एनएमपी मिसळत गेलात की आतलं साकळणं मंदावतं, आतली बोटं आखूड होतात आणि आतला पृष्ठभाग उघडा होतो. 70 टक्के एनएमपीपासून सुरुवात करायला हरकत नाही. फार वर गेलात तर आतली भिंत बाथपर्यंत मऊच राहते, आणि फायबर पहिल्याच रोलरवर लंबगोल होतो. वेळ आल्यावर फ्लक्स वाढवायचा तो या मार्गाने, बाहेरची कातडी सैल करून नव्हे.

स्पिनरेटमधल्या घर्षणावर बरंच लिहिलेलं आहे: डोप जोरात ढकलला की साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात, बाहेर पडताच फुगतात, कातडी घट्ट होते. खरं आहे, पण तुम्ही गिअर पंपाचा वेग बदललेला नाही, म्हणून तुमच्या प्रश्नात त्याला जागा नाही. सुई मध्यावर आहे का तेवढं कापात बघा. भिंत एका बाजूला सतत पातळ दिसली तर तो हवेचा दोष नाही, सुईचा आहे. आतला व्यास मात्र मोजत राहा. तो दहा टक्क्यांनी घटला तर तेवढ्याच प्रवाहाला आतला दाबाचा ऱ्हास दीडपट होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. मग लांब मॉड्यूलचा फ्लक्स पडतो आणि दोष उगीच कातडीला दिला जातो.

धुलाई आणि सुकवणीकडेही एकदा बघा. आत उरलेलं पीव्हीपी हायपोक्लोराइटच्या पाण्याने तोडून काढलं की फ्लक्स चढतो. पावसाळ्यात कोणी त्याची मात्रा किंवा वेळ वाढवलेली नाही ना, हे विचारून घ्या. ग्लिसरीन न लावता सुकवलेल्या फायबरची बारीक छिद्रं पाण्याच्या ताणाने मिटतात. जुलैत फायबर नीट सुकतच नाहीत, त्यामुळे जानेवारीच्या मिटलेल्या छिद्रांशी जुलैच्या उघड्या छिद्रांची तुलना होत असेल, तर तीही शंका काढून टाका. तीनही महिन्यांचे नमुने कधीच न सुकलेल्या अवस्थेत तपासले की ती निघते.

अनेक जण ऑक्सिजनेटरमधल्या (रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रातल्या) पॉलिप्रॉपिलीनच्या पोकळ फायबरचे लेख वाचून तिथले उपाय इथे लावायला जातात. तसे करू नका. त्यातला एक मोठा प्रकार वितळवून काढलेला, तापवून स्थिर केलेला आणि मग ताणून फटी पाडलेला असतो. त्याची रचना ताण आणि तापमान ठरवतात. एनएमपी नाही, बाथमधली देवाणघेवाण नाही. आपल्या बाथमधल्या गोष्टींना तिथे उत्तर नाही.

राहिला एअर टेस्टचा मुद्दा. ओल्या छिद्रातून हवा ढकलायला लागणारा दाब छिद्राच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाण्याने भिजलेल्या फायबरला 1 बार दाब दिला, तर साधारण 3 मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठं भोक असेल तरच हवा सुटते. 0.1 मायक्रोमीटरच्या छिद्राला 28-29 बार लागतील. तुमची जुलैची छिद्रं नॅनोमीटरच्या टप्प्यात मोठी झालेली आहेत, म्हणून टेस्ट पास होणारच. ही टेस्ट तुटका फायबर आणि फुटकं पॉटिंग (फायबरची टोकं मॉड्यूलमध्ये चिकटवून बंद करणारा थर) पकडण्यासाठी आहे, ती तशीच चालू ठेवा. कातडीचा अंदाज घ्यायला ठरावीक आण्विक वजनांचं पीईजी किंवा डेक्स्ट्रान (पाण्यात विरघळणारी पॉलिमरं) लावून रिजेक्शनची वक्ररेषा काढा, प्रत्येक लॉटची.

जुलैमध्ये आधीच काढलेले लॉट फेकू नका. त्यांची वक्ररेषा काढून बघा. चपटे होत नसतील तर गढूळपणा काढण्यापुरत्या, आरओच्या आधी लावायच्या मॉड्यूलमध्ये ते चालतील, पण लेबलवर वेगळा ग्रेड छापून आणि ग्राहकाला आकडा दाखवून. मे महिन्याच्या लॉटबाबत मी तसं म्हणणार नाही. ज्याची भिंत दाबाखाली बसते तो फायबर रोजच्या दाबाच्या चढउतारात आणखी बसेल; तो बंडलमध्ये जाऊ देऊ नका. कापाचे फोटो आणि दवबिंदूची महिनाभराची नोंद तयार झाली की पाठवा. पॉलिमर वाढवायचं की नाही ते तेव्हा बघू.